ढोलीची घोडी

संकठा घाट, वाराणसी
१४ ऑक्टोबर

देवदत्त,

मायना तूच मनाने घालून घे. 'प्रिय' लिहायला हात उठत नाही, आणि 'श्री. देवदत्त यांस' लिहिलं तर तुला सोसायटीची नोटीस वाटेल.

तुझं पत्र मिळालं. पुण्याला गेल्यापासून तू मला हाताने लिहिलेलं हे पहिलं पत्र. त्यात माझ्या वाट्याला एक ओळ आली आहे, 'तू बरी असशीलच.' बाकी दीड पान हिमानी. हिमानीचा कान, हिमानीची समज, हिमानीला डिसेंबरात निनादच्या कॅफेत वाजवायचं आहे, तिची स्वतःची गिटार अगदीच पत्र्यासारखी वाजते, तर ढोली तिला दे.

देणार नाही.

ढोली माझी नाही, तुझी आहे, हे मला शिकवू नकोस. कलकत्त्याहून तू ती आणलीस तेव्हा स्टेशनवर घ्यायला मीच आले होते. दुकानदाराने ती फार जुनी म्हणून तुझ्या गळ्यात मारली, आणि घरी आल्यावर कळलं की आहे नवीच, फक्त धाटणी जुनी. तू तोंड पाडून बसलास. मी म्हटलं, असू दे, दिसायला पोक्त आणि वयाने तरुण, अशी बायको शोधत लोक गावोगाव फिरतात. मग तू हसलास. ते पोकळ पोट, पोटावर दोन बाजूंना सारंगीवाल्याने कोरल्यासारख्या वळणदार फटी, मधाच्या रंगाची पाठ. झाडाच्या ढोलीसारखी आतून रिकामी म्हणून तिचं नाव ढोली. नाव मी ठेवलं, एवढं तरी लक्षात ठेव.

पुण्याला जाताना तू तिला का नेलं नाहीस, तेही मी विसरलेले नाही. मोठ्या स्टेजवर आवाज वाढवला की पोकळ गिटार किंचाळते. म्हणून तू तिथे भरीव गिटार घेतलीस आणि हिला माझ्याजवळ ठेवलंस. 'तुम्ही दोघी सारख्याच, जरा आवाज चढला की किंचाळता,' असं म्हणाला होतास. तुझ्या दृष्टीने तो विनोद होता.

तर त्या दोघी इथे राहतात. मी शाळेतून येते, चपला काढते, आणि चहाच्या आधी ढोली मांडीवर घेते. खालून संकठादेवीची घंटा, वर माकडांचा धुडगूस, मध्ये आम्ही. दिवसातलं एवढंच माझं आहे.

आणि हिमानीबद्दल मला काय सांगतोस? तुला ती रविवारी मोबाइलवर दिसते. मला मंगळवारी आणि शुक्रवारी समोर बसलेली दिसते. वडील इंजिनच्या कारखान्यात, मूळचे अकोल्याचे, पोरगी वाढली इथे, त्यामुळे मराठी निम्मी आणि हिंदी निम्मी. तू तिला मोठ्या मोठ्या गोष्टी सांगतोस. मनगट कसं ठेवायचं, पिक किती घट्ट धरायचं, हे मी सांगते. तुला ती 'सर' म्हणते. मला 'ताई'. शिकवायला दोघं, पण सर एकच.

ढोली इथून कुठेही जाणार नाही.

शरदिनी


२ नोव्हेंबर

देवदत्त,

ढोली दिली. आनंद झाला ना?

तू दोनदा फोन केलास आणि मी उचलला नाही, त्याचं कारण तुला माहीत आहे. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मध्ये बोलता येत नाही.

का दिली ते सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की तुझ्या आर्जवाने दिली. गेल्या रविवारी हिमानीच्या घरचं इंटरनेट बंद पडलं. ती म्हणाली, ताई, तुमच्याकडून सरांचा क्लास करू का? मी म्हटलं कर. ती बाहेरच्या खोलीत बसली, मी आत दुधी चिरत होते. ती ढोलीवर ती पहाडी वाजवत होती, तुझी आवडती, हॉटेलात आपण दोघं वाजवायचो ती. वाजवता वाजवता ती एका जागी थांबली, आणि तुझा आवाज आला.

'वाह.'

मग थोडं थांबून, 'फिर से.'

देवदत्त, आपण इतकी वर्षं शेजारी बसून वाजवलं. छावणीतल्या हॉटेलात परदेशी पाहुणे जेवत असायचे आणि आपण कोपऱ्यात. तू गिटार, मी गिटार. माझं चांगलं झालं की तू म्हणायचास 'ठीक'. फारच चांगलं झालं की म्हणायचास 'ठीक होतं, पण घाई केलीस.' मी समजत होते की तुझ्याकडे तो शब्दच नाही. काही लोकांकडे नसतो. आता कळतंय की होता, माझ्यासाठी काढला नव्हतास.

मी जळले. स्पष्टच लिहिते, जळले. दुधी तसाच ठेवला आणि तुळशीपाशी जाऊन उभी राहिले. तिचा क्लास संपल्यावर तिला म्हटलं, ढोली तुला नेऊ देते, कार्यक्रम होईपर्यंत ठेव. तिने आधी विश्वास ठेवला नाही. मग वाकून नमस्कार केला. म्हटलं, लगेच नको, शुक्रवारी ये, नीट तयार करून देते.

तयार करून दिली. नव्या तारा चढवल्या. तारा एकेक करून बदलल्या, तुझ्यासारख्या एकदम नाही काढल्या. आठवतंय ना? सगळ्या तारा काढल्यास आणि ज्या पट्टीवर तारा टेकतात ती घोडी टपकन पडली. तोवर तुला माहीतच नव्हतं की या गिटारीची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाखाली नुसती पोटावर उभी असते. मग ती कुठे उभी होती ते सापडेना. मोकळ्या तारा सुरात लागत होत्या, पण वरच्या पडद्यांवर बोट गेलं की प्रत्येक स्वर वेगळ्या गावचा. घोडी केसभर हलली की असं होतं. तू रडकुंडीला आलास. शेवटी मी कानाने जागा शोधली आणि पोटावर पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवली.

तर तेही सगळं पाहिलं. खूण आता जरा पुसट झाली आहे. बाकी सगळं व्यवस्थित करून दिलं आहे. तिचं वाजवणं कसं होतं ते आता तिच्या हातात.

थंडी पडायला लागली आहे. तुझी जुनी शाल मी शाळेतल्या बिंदुमाधव शिपायाला दिली, तू मागणार असलास तर मागू नकोस.

शरदिनी


२३ नोव्हेंबर

देवदत्त,

एक विचारते. हिमानीने तुला ढोलीबद्दल काही विचारलं का? म्हणजे तक्रार वगैरे? विचारलं असेल तर तू काही उत्तर देण्याआधी मला कळव. वाद्य माझ्या हातातून गेलं आहे, जबाबदारी माझी आहे.

मला वाटलं होतं ती दोन दिवसांत परत येईल. आली नाही. मंगळवारी आली नाही, शुक्रवारी आली नाही, निरोप आला की परीक्षा आहे. मग काल आली. डाव्या हाताची तीन बोटं टोकाला फाटलेली, त्यांवर पट्ट्या. मी विचारलं, हे काय करून घेतलंस? म्हणाली, 'काही नाही ताई, तारा ओढून ओढून.'

'एवढ्या का ओढतेस?'

'ढोली थोडी जिद्दी आहे ना. स्वर असाच नाही देत. मनवावं लागतं.'

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर काही नव्हतं. तुझ्या या शिष्येच्या तोंडावर कधी काही नसतं, दुधासारखं तोंड. मी विचारलं, मग कॉर्ड कसे बसतात? तर म्हणाली, 'कॉर्ड सोडून दिले ताई. तिला पसंत नाहीत. तिला एक वेळी एक स्वर पाहिजे, फार झालं तर दोन.'

ऐक. मी त्या पोरीला कॉर्ड शिकवायला किती खपले आहे. माझं जे काही आहे ते कॉर्डमध्येच आहे, हे तूही मान्य करशील. आणि ती ते असे ठेवून आली, भाजीवाल्याकडे पिशवी विसरावी तशी.

आज कचौडी आणायला गेले तर निनाद भेटला. तुझा मित्र, पण आता माझ्याशी जास्त बोलतो, एवढं तुला कळलेलं बरं. ती त्याच्या कॅफेत तालीम करते. मला म्हणाला, 'वहिनी, ही पोरगी वाजवत नाही, गाते.' मी म्हटलं, तुला सर्दी झाली असेल, कानांना दडे बसले असतील. तो हसला. 'मीही आधी तेच समजलो. मला वाटलं गिटार बेसूर लागलीय. मग दोन मिनिटं ऐकलं आणि चहा गार झाला.'

तू तिला कुरिअरने तारा पाठवल्यास, हे तिच्याकडूनच कळलं. मऊ तारा, बोटं फाटू नयेत म्हणून. माझी बोटं फाटायची तेव्हा तू म्हणायचास, घट्टे पडले की दुखत नाही.

कार्यक्रम जवळ आला आहे. मी जाणार नाही असं ठरवलं होतं. आता जाईन म्हणते.

शरदिनी


१० डिसेंबर

देवदत्त,

रेकॉर्डिंग ऐकलंस. तुझी चिठ्ठी आली. मी ती इथे तुलाच उतरवून दाखवते, म्हणजे तू काय लिहिलं आहेस ते तुला कळेल. 'ती स्वर खालून उचलते. असं मी गिटारवर ऐकलं नव्हतं. तुझ्या वाजवण्यात हे कधी नव्हतं, आणि माझ्याही नाही. ढोली आता तिचीच. जानेवारीत ती पुण्याला रेकॉर्डिंगला येते आहे, तेव्हा घेऊन येऊ दे.'

'माझ्याही नाही' हे नंतर घातलेलं आहे. शाई वेगळी आहे.

तू रेकॉर्डिंग ऐकलंस, मी तिथे होते. निनादची गच्ची, धुकं इतकं की नदी आहे हे फक्त बोटींच्या आवाजावरून कळत होतं. पंचवीस-तीस माणसं, मफलर गुंडाळलेली. मी मागे भिंतीला टेकून बसले. मनात एकच होतं, आता फजिती होणार. त्यासाठीच तर गेले होते, खोटं कशाला बोलू?

ती आली, खुर्ची बाजूला सारली आणि मांडी घालून सतरंजीवर बसली. ढोली मांडीवर. आधी गुरूंची नावं घेतली. उजव्या हाताने कानाची पाळी धरली, म्हणाली, 'देवदत्त सर,' मग पुन्हा कानाला हात लावला, म्हणाली, 'और मेरी शरदिनी ताई, जिन्होंने ये साज मेरे लिए लगाकर दिया.' लोकांनी मागे वळून पाहिलं. मी भिंतीत जाऊ पाहत होते.

मग खमाज सुरू केला. मी गंधाराची वाट बघत होते. त्या पडद्यावर गंधार नव्हताच, मला ठाऊक होतं. तिथे बोट ठेवलं तर जे मिळेल ते उतरलेलं, ओशाळवाणं काहीतरी. तिने तिथेच बोट ठेवलं. आणि तार ओढून ती त्याला वर घेऊन आली, हळूहळू, वाटेतल्या सगळ्या जागा दाखवत, आणि नेमकी गंधारावर आणून सोडली. प्रत्येक स्वर असा. एकही तिला फुकट मिळत नव्हता आणि ती एकही सोडत नव्हती. पुढे एक म्हातारे सारंगिये बसले होते. त्यांची मान हलली. या गावात मान हलवून घ्यायला लोकांचे केस पांढरे होतात.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही गिटार बेसूर आहे, तुम्ही सगळे बेसूर गिटारीला माना हलवताय. आणि त्याच वेळी मला रडू येत होतं, कारण ते फार सुंदर होतं. दोन्ही एकदम. तू तिथे असतास तर मी तुला चिमटा काढला असता.

आता ऐक. ती स्वर खालून उचलते, कारण उचलावाच लागतो.

घोडी मी सरकवली. तारा सैल केल्या, अंगठ्याने घोडी खुणेवरून मागे ढकलली, पुन्हा तारा सुरात लावल्या. मोकळ्या तारा अगदी स्वच्छ लागल्या, त्यामुळे घेऊन जाताना तिला काही कळलं नाही. खूण पुसट वगैरे काही नाही, ठळक दिसत होती. मुद्दाम केलं. तिचं हसं व्हावं, तू ते ऐकावंस, आणि म्हणावंस की ढोली शरदिनीच्याच हातात शोभते. एवढंच हवं होतं. तेही तू म्हणाला नसतास कदाचित.

आणि झालं काय? माझ्या अंगठ्याने तिला मोठं केलं. तुला जे आवडलं त्यातलं निम्मं माझं आहे. ती 'वाह' मला अर्धी दे.

तिला सांगू नकोस. ढोली परत आली की मी घोडी जागेवर ठेवीन, कोणाला काही कळणार नाही. आणि ती पुण्याला येणार नाही. ढोली, म्हणजे. हिमानी आली तर येऊ दे.

शरदिनी


२० डिसेंबर

देवदत्त,

तुझी एकच ओळ आली. 'मी सांगणार नाही. तू सांग.' मी ती फाडली, आणि मग तुकडे जोडून पुन्हा वाचली, कारण वाटलं की मागे काही लिहिलं असेल.

काल हिमानी आली. दोन्ही हातांत दोन गिटारी. एका पिशवीत ढोली, दुसऱ्या पिशवीत तिची ती पत्र्यासारखी. ढोली तिने माझ्या मांडीजवळ ठेवली आणि म्हणाली, 'ताई, ही तुमची. सर म्हणाले की पुण्याला घेऊन ये, पण मी त्यांना सांगून टाकलं की मी नाही आणणार. तुम्ही रोज वाजवता ना. तुमच्या हातात काय राहील मग?'

देवदत्त, मला हवं होतं ते हेच. ढोली परत आली, कोणाशी भांडावं लागलं नाही, आणि त्या पोरीने तुला चक्क 'नाही' म्हटलं. तू तिला किती गोड बोललास आणि ती माझ्या बाजूने उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी तिला वाटी भरून मलईयो दिलं, थंडीतला तो दुधाचा गोड फेस, माझ्यासाठी आणलेला.

मग तिने दुसरी पिशवी उघडली. 'पण मग पुण्यात ही घेऊन जावी लागेल. तर ताई, हिला पण तशीच लावून द्या ना. ढोलीला लावली तशी.'

मी विचारलं, 'तशी म्हणजे कशी?'

'घोडी. थोडी मागे.'

ती आपल्याच नादात सांगत राहिली. पहिल्याच दिवशी तिने ढोलीला मोबाइलमधला ट्यूनर लावून बघितला होता. बाराव्या पडद्यावर सगळं उतरलेलं. मग पोटावर पाहिलं तर खूण एकीकडे, घोडी दुसरीकडे. 'मी सोचलं, खूण ताईंचीच आहे. खूण असून घोडी खुणेवर नाही, म्हणजे ताईंनी मुद्दाम हलवली. माझ्यासाठी. गाणारी लोकं फुकटचा स्वर घेत नाहीत, असं तुम्ही एकदा म्हणाल्या होत्या. मला समजलं की तुम्ही माझा कान पक्का करायला लावलीय. म्हणून मी हात नाही लावला. गुरूने लावलेला साज आपण कसा हलवणार?'

मी असं काही म्हणाले असेन तर मला आठवत नाही. म्हणाले असेन, मी काहीही बोलत असते.

ती म्हणाली, 'लावून द्या ना.' आणि पेचकस माझ्या हातात दिला. तिच्या गिटारीची घोडी स्क्रूने पुढेमागे होते. मी पेचकस धरून बसले. किती मागे घ्यायची, हेच मला ठाऊक नव्हतं. ढोलीच्या वेळी मी मोजलं नव्हतं. रागात जेवढं ढकललं गेलं तेवढं ढकललं. ती वाट बघत होती, मान खाली घालून, शिकायला बसलेली असते तशी.

मला राग आला. तिचाच राग आला, की ही एवढी शहाणी पोरगी आणि इतकी मूर्ख कशी. मी म्हटलं, 'अगं घोडे, ती काही लावलेली नव्हती. बिघडवलेली होती. मी बिघडवली, तुझी फजिती व्हावी म्हणून.'

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. देवदत्त, तुझ्यावर मी आयुष्यभर चिडले, पण तुझ्यापुढे कधी अशी मान खाली गेली नव्हती.

तिने विचारलं, 'का?'

मी म्हटलं, 'सरांनी तुला वाह म्हटलं.'

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. तिने ढोली उचलली, तारा सैल केल्या, आणि घोडी स्वतःच्या हाताने खुणेवर आणून ठेवली. पुन्हा सुरात लावली. मग वाजवली, तोच खमाज, आणि आता प्रत्येक पडदा आपापल्या जागी असताना. मला वाटलं होतं की आता साधी वाजेल, इतरांसारखी. तशी नाही वाजली. दीड महिना तिने जे ओढून आणलं होतं ते आता तिला हाक मारताच येत होतं, आणि वर तिच्याकडे ताकद उरत होती. मी पुन्हा जळले. माझ्या घरात, माझ्या कबुलीनंतर, लाज वाटायला हवी होती तिथे जळले. हे कधी जाणार आहे की नाही, मला सांगता येत नाही.

ती थांबली. ढोलीवरून हात न काढता विचारलं, अगदी शांतपणे, 'ताई, आणखी काय काय सरकवलंय?'

'म्हणजे?'

'म्हणजे तुम्ही जे शिकवलं त्यातलं. मला सांगून टाका. मी सगळं तसंच बसवलंय.'

मी म्हणणार होते, काही नाही, बाकी सगळं बरोबर आहे. पण अंगठा होता. डाव्या हाताचा अंगठा गिटारीच्या मानेवरून पुढे आणून जाड तार दाबायची, म्हणजे चार बोटं मोकळी राहतात आणि खाली खर्जही चालू राहतो. माझे कॉर्ड भरलेले वाटतात ते त्यामुळे. तुझंसुद्धा हे कधी बसलं नाही, तुझा अंगठा आखूड. ते मी तिला दाखवलं नव्हतं. दर वेळी तिचा अंगठा मानेमागे बघायचे आणि मनात म्हणायचे, पुढच्या खेपेला. तिला वाटलं की कॉर्ड ढोलीला आवडत नाहीत. ते हिमानीलाच आवडले नाहीत, कारण मी तिला अर्धेच दिले होते.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि तिचा अंगठा धरून पुढे आणला. तिला दुखलं. तिने काढून घेतला नाही. संध्याकाळपर्यंत बसलो. मी जे जे मागे ठेवलं होतं ते आठवून आठवून काढत होते, आणि ते निघतच होतं, मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी जास्त. ती एकदाही 'वा' म्हणाली नाही, 'बरं ताई' म्हणाली नाही, नुसतं शिकत होती. घाटावरची घंटा झाली तेव्हा उठली.

ढोली ती नेणार नव्हती. मी पिशवीत भरली, बंद लावला, आणि तिच्या खांद्यावर चढवली. म्हटलं, सरांनी दिली म्हणून नको नेऊस, मी देते म्हणून ने. ती म्हणाली, 'ठीक आहे.' तुझाच शब्द. मंगळवारी येईन असं म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. मी खिडकीतून बघत राहिले. गल्लीत गाय आडवी होती, ती गिटार डोक्यावर धरून बाजूने निघून गेली.

आता काम सांगते. जानेवारीत ती तुझ्यासमोर बसेल. तुझा कान तिखट आहे, तुला लगेच दिसेल की कुठे काय कमी आहे, कुठे काय वाकडं आहे. त्यातलं काही माझंच जुनं असेल, जे काल माझ्या लक्षात आलं नाही. तू ते तिथे नीट करून देऊ नकोस. तू करशील, तिला आवडेल, आणि ती तुझं नाव घेऊन कानाला हात लावेल. ते मला नको आहे. काही वाकडं दिसलं तर गप्प बस, मला कळव, आणि तिला परत पाठव. ते मी बिघडवलं आहे, सरळही मीच करीन.

शरदिनी